तीन दिवसांची मापं

अंदरसूल
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रूपालीस,

आशाचा आशीर्वाद. तुझे तीन फोन येऊन गेले, मी मुद्दाम उचलले नाहीत. आमच्या घरात एकच फोन धड चालतो. तो ओट्यावर पडलेला असतो आणि जो उचलतो तो स्पीकर लावतो. मला बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही, म्हणून हे पाकीट. शेजारचा भिकन रोज पिकअपमधून भाजी घेऊन नाशिकला येतो, त्याच्याजवळ देतेय. उत्तरही त्याच्याकडंच दे.

रविवारी माझ्या सासऱ्यांचा दहावा झाला. पंचक्रोशीतली माणसं आली होती. सोयरे एकेक करून उठत होते, दुखवट्याचं टॉवेल-टोपी ठेवत होते. माझ्या माहेरचं नाव पुकारलं तेव्हा एकटा तुझा योगेश उठला. व्याही जिवंत असताना व्याह्याचा दुखवटा पोरानं ठेवला. सगळ्या मांडवानं माझ्याकडं बघितलं.

आपले तात्या, रूपाली. विंचूरच्या कांदा मार्केटात चाळीस वर्षं मापाडी होते. निफाड तालुक्यात ज्याच्या घरचा चहा कधी प्यायला नाही, त्याच्याही दहाव्याला जाऊन बसायचे. आणि पोटच्या पोरीच्या सासऱ्याला आले नाहीत. थोरल्या जाऊबाई लंकाबाई भांडी घासता घासता मला म्हणतात, "आशे, आमचा म्हातारा तुझ्या बापाच्या काट्यावर हलका भरला काय गं?" 

आजारी असतील तर योगेशनं सांगायचं. मी त्याला विचारलं तर स्वतःच्या चपलांकडं बघत बसला. तुमच्या घरात काही भांडण आहे का? तात्यांना माझ्या सासरचं काही लागलं का? खरं काय ते लिही. तू शिकलेली आहेस, रोज डायरी लिहितेस, तुला नीट सांगता येतं.

आशा


सातपूर, नाशिक
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आशाताई,

सा. नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुमचा राग रास्त आहे. तुमच्या जागी मी असते तर इतकं संयमानं लिहिलं नसतं.

घरात भांडण नाही. तात्यांना तुमच्या सासरचं काही लागलं असेल, असं त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही. तुमचे सासरे गेल्याचं कळलं तेव्हा ते दिवसभर जेवले नव्हते.

तुमचं पत्र आलंय हे त्यांना अक्षरावरून कळलं. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, पण तुमचं मोठं अक्षर ओळखू येतं. त्यांनी मला सांगितलं, "गुडघे लय दुखत व्हते म्हणून आलो नाय, असं लिही." त्यांनी सांगितलं म्हणून मी ते लिहिलं. ते खरं आहे असं माझं म्हणणं नाही. याहून जास्त लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही त्यांची मुलगी आहात, मी सून. पण गोष्ट त्यांची आहे.

ह्यांना काही विचारू नका. त्यांनाही सगळं ठाऊक नाही.

रूपाली


अंदरसूल
२ डिसेंबर २०२४

चि. रूपाली,

कोड्यात बोलू नको. गुडघे दुखले तर माणूस गाडी करून येतो. इथं व्हीलचेअरवर बसून आलेले होते, नळ्या लावलेले होते.

माझ्याच बापाचं मला सांगायला तुला कसला अधिकार पाहिजे?

तात्या हल्ली झोपतात कुठं? आतल्या खोलीत की पुढच्या? सहज विचारतेय.

आशा


सातपूर
९ डिसेंबर २०२४

ती. आशाताई,

तात्या पुढच्या खोलीत, मोरीच्या बाजूला झोपतात. मे महिन्यात मीच त्यांची कॉट तिकडं सरकवली. तुम्ही हे का विचारलंत ते मला कळलं नाही, पण उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

तात्यांची लघवी आपोआप होते. आधी फक्त झोपेत व्हायची. आता दिवसाही होते.

मला पहिल्यांदा कळलं ते सात एप्रिलला. तारीख डायरीत आहे. सकाळी मी धुण्याला लागायच्या आत त्यांचं धोतर दोरीवर ओलं होतं. ज्यांनी आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्यांनी धोतर धुतलं होतं. मी बघितलं तर म्हणाले, "सुपारीचा डाग पडला व्हता." मी बरं म्हटलं. आठवडाभरानं पुन्हा तसंच. मग मी त्यांच्या गादीवर चादरीखाली प्लास्टिक घातलं. ते काही बोलले नाहीत. मग जुन्या सुती साडीच्या घड्या करून त्यांच्या उशाशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक कमी होती. मी आणखी एक ठेवली. संध्याकाळचा चहा विचारायचं बंद केलं. त्यांनी मागायचं बंद केलं. ताई, आम्ही दोघं सात महिने असे बोललो. तोंडातून एक शब्द काढला नाही.

मला वाटायचं, मी त्यांची लाज राखते आहे. सासऱ्याशी सुनेनं या विषयावर बोलायचं कसं? ह्यांना सांगितलं तर हे सरळ त्यांना विचारणार, आणि तात्यांना कळणार की मीच सांगितलं.

त्यांनी देवळात जाणं सोडलं. कटिंगला जाणं सोडलं. न्हावी घरी बोलावला. दहाव्याच्या दिवशी ते स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. गाडी खाली आली. दारापर्यंत गेले, परत येऊन बसले आणि ह्यांना म्हणाले, "तू हो पुढं." हे गेल्यावर ते उठले तेव्हा खुर्ची ओली होती. मी पुसत होते तोवर ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे होते.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. 'खोकल्यासाठी' म्हणून. तिथं बळ आणून मी म्हटलं, लघवीचाही त्रास आहे. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? तात्या म्हणाले, "झाले आठेक दिवस." मी त्यांच्या मागं फाइल धरून उभी होते. सात महिने म्हणायचं होतं. बोलले नाही. त्यांना परक्या माणसासमोर खोटं पाडणं, तेही असल्या गोष्टीत, मला जमलं नाही. डॉक्टरांनी वारंवार लघवी लागू नये म्हणून एक गोळी दिली. आठ दिवसांच्या दुखण्याला योग्य असेल. तेव्हापासून त्रास वाढला आहे.

हे तुमच्यापुरतं ठेवा. माझ्याकडून हे वचन मोडलं जातंय, याची मला जाणीव आहे. पण वचन मी कोणालाच दिलेलं नव्हतं, हेही खरं. आम्ही त्याबद्दल कधी बोललोच नाही.

रूपाली


अंदरसूल
१५ डिसेंबर २०२४

चि. रूपाली,

पत्र वाचून चुलीत टाकलं. बापाच्या धोतराबद्दल इतकं सविस्तर लिहिताना तुझा हात कसा धजला? पण लिहिलंस ते बरं केलंस.

वयाचं असतं हे. आमच्या चुलत सासऱ्यांचंही असंच होतं, कोणी गाजावाजा केला नाही. पाणी कमी देत जा, दिवस कलल्यावर तर देऊच नको. भिकनबरोबर काळे तीळ पाठवलेत, गुळात कुटून रोज सकाळी सुपारीएवढे द्यायचे. मोठ्या डॉक्टरांच्या नादी लागू नका, ते कापायलाच बसलेले असतात.

जाऊबाईंना मी सांगितलं, तात्यांचे गुडघे गेले. त्या म्हणाल्या, "मग जिभेला काय झालं, फोन तरी करायचा." म्हणू दे.

आशा


सातपूर
८ जानेवारी २०२५

ती. आशाताई,

उत्तराला उशीर झाला. तात्या सहा दिवस दवाखान्यात होते. आता घरी आहेत. क्रमानं सांगते, म्हणजे माझ्याही डोक्यात क्रम लागेल.

नाताळच्या सुमारास त्यांच्या पायांवर सूज आली. भाकरी नको म्हणायला लागले. पाणी आम्ही कमी केलेलं होतं, तरी गळणं थांबत नव्हतं. थेंब थेंब चालूच. मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. हे पहिली शिफ्ट करून आले होते, बूट न काढता ऐकत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं मलाच वास येतो." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. तेही गप्प होते.

आम्ही लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक छापील कागद दिला. तीन दिवस किती प्यायलं आणि किती लघवी झाली, प्रत्येक वेळी मापाच्या मगात मोजून लिहायचं. कपडे ओले झाले तर तेही. सिस्टर म्हणाली, "सूनबाई मोजतील." तात्या पहिल्यांदाच ताठ बसले. म्हणाले, "मापाचं काम मला सांगा. गोणी नुसती उचलली तरी किलो सांगायचो मी. तिला काय कळतंय?" सिस्टर हसली, "मग तर आजोबा, तुमचाच कागद सगळ्यात भारी येणार."

तीन दिवस ते मग घेऊन आत जायचे, दार लावायचे, बाहेर येऊन मोठ्यानं आकडा सांगायचे. मी तो मांडायची. तीनशे. तीनशे. पावणेतीनशे. तीनशे. दिवसातून पाच वेळा. ओल्या कपड्यांच्या रकान्यात "काही नाय". आणि त्याच तीन दिवसांत मी त्यांच्या अकरा घड्या धुतल्या होत्या.

ताई, विंचूरच्या मार्केटात त्यांच्या काट्याकडं कोणी बोट दाखवलं नाही. शेतकरी वाहन उभं करून वाट बघायचे, की माप सावळीरामनंच करावं. त्या माणसानं मगात नळाचं पाणी घेऊन मला आकडे सांगितले. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले.

डॉक्टरांनी कागद बघितला. म्हणाले, "हे तर उत्तम आहे." मग त्यांनी तात्यांना झोपवून पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत फुगवटा होता. त्यांनी कागदाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं. "आजोबा, या दोन गोष्टी जुळत नाहीत."

तात्या म्हणाले, "माप बरोबर हाय."

तेव्हा मी बोलले. "सर, ते खरं नाही. आणि आठ दिवसही नाही. एप्रिलपासून आहे. माझ्याजवळ तारखा आहेत." डायरी पिशवीत होती. मी एकेक तारीख वाचत गेले. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. काट्यावर हळूच पाय ठेवताना पकडलेल्या माणसाकडं ते कसं बघत असतील, ते मी कधी पाहिलेलं नाही. पण पकडला गेलेला माणूस कसा बघतो, ते त्या दिवशी पाहिलं.

मग डॉक्टरांनी मला बाहेर पाठवून बोटानं तपासणी केली. प्रोस्टेट वाढलेलं आहे. मग सोनोग्राफी, आधी एकदा, लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा. लघवी करून आल्यावरही आत सव्वा लिटर शिल्लक. दोन्ही किडन्यांना सूज. रक्तातलं क्रिएटिनिन चारच्या वर. ते एकच्या आसपास असावं लागतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लघवीची पिशवी कित्येक महिन्यांत रिकामी झालेलीच नव्हती. वाट अडलेली, पिशवी तुडुंब. कपड्यांत येत होतं ते वरून सांडणारं. आपल्याला वाटत होतं की त्यांना जास्त होते. खरं म्हणजे त्यांना होतच नव्हती. कॉलनीतल्या डॉक्टरांची गोळी आठ दिवसांचं ऐकून दिलेली होती. तिनं पिशवी आणखी सैल पडली. मी विचारलं, पाणी कमी केलं होतं ते? ते म्हणाले, त्यानं किडन्यांचं भलं झालेलं नसणार.

नळी घातली तेव्हा एक थैली भरली, दुसरी लावावी लागली. तात्या डोळे मिटून पडले होते. सिस्टरला म्हणाले, "किती भरली?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, "लय झालं."

तुमच्या पत्रात एक गोष्ट नव्हती, ती आता जाणवते. हे खरं का, असं तुम्ही एकदाही विचारलं नव्हतं. मी लिहिलेलं वाचून तुम्हाला धक्का बसला असणार. काळे तीळ मी दिले नाहीत. राग मानू नका.

रूपाली


अंदरसूल
१६ जानेवारी २०२५

चि. रूपाली,

पत्र तीनदा वाचलं. नळी कधी काढणार? काढल्यावर पहिल्यासारखं होईल ना? डॉक्टरांना नीट विचार. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, ते मात्र विचारू नको. झालं ते झालं.

मी यायला निघाले होते. मग आले नाही. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होईतो घरात काही ना काही चालूच असतं.

आशा


सातपूर
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आशाताई,

तुम्ही विचारू नको म्हणालात, तरी मी विचारलं.

पाच आठवड्यांनी नळी काढून बघितली. तात्यांना सकाळपासून पाणी पाजत होतो. दुपारपर्यंत ते चार वेळा आत जाऊन आले, एक थेंब नाही. पोट फुगलं. पुन्हा नळी घातली. मग डॉक्टरांनी दाब मोजायची तपासणी सांगितली. एका बारीक नळीनं पिशवीत पाणी भरतात आणि पिशवी किती जोर लावते ते संगणकावर रेघेत दिसतं. मला आत थांबू दिलं होतं, कारण तात्यांना सिस्टरचं मास्कमधलं बोलणं नीट कळत नव्हतं, मी पडद्याच्या अलीकडे उभी राहून ओरडून सांगत होते, "तात्या, आता करा म्हणतात." ते म्हणाले, "करतोय." रेघ सरळच राहिली. सिस्टर मोठ्यानं म्हणाली, जोर लावा. ते म्हणाले, "लावतोय की बाई." रेघ हलली नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून वाट मोकळी करता येईल. पण आत ढकलणारं कोणी उरलेलं नाही. इतके महिने ताणली गेल्यानं पिशवीचा स्नायू गेलेला आहे. थोडी ताकद परत येते कधी कधी, पण या वयात भरवसा देता येत नाही. किडन्या काही प्रमाणात सावरल्या आहेत. क्रिएटिनिन दोनवर आलं. तिथंच थांबेल असं दिसतं.

मी विचारलं, एप्रिलमध्ये आणलं असतं तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. "सांगता येत नाही. कदाचित गोळीवर भागलं असतं, कदाचित साध्या ऑपरेशनवर. पण तुम्ही त्याचा विचार करत बसू नका." मी घरी येऊन त्याचाच विचार करत बसले.

दोन मार्ग आहेत. दिवसातून चार वेळा घरच्या कोणी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढायची आणि नळी परत काढून टाकायची. किंवा कायमची नळी आणि मांडीला पिशवी. पहिला चांगला, असं डॉक्टर म्हणाले. तात्यांच्या हातांना कंप आहे, त्यांना स्वतःला जमणार नाही. हे शिकून आले, पण ह्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मी म्हटलं, मी शिकते. तात्यांनी मान फिरवली. मग भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "कायमची बसवा. मला रोज कोणाच्या हातात नको."

डायरीत मी एप्रिलपासूनची पानं पुन्हा वाचली. रोज काय धुतलं ते सगळं लिहून ठेवलंय. एकाही दिवशी "उद्या विचारीन" असंसुद्धा लिहिलेलं नाही. मी नोंद करत होते आणि त्यालाच काळजी म्हणत होते. ते आणखी काय असतं, मला माहीत नाही. तुम्ही मला बोल लावलात तर मी तो घेईन. तुमचे वडील आहेत.

रूपाली


अंदरसूल
२७ फेब्रुवारी २०२५

चि. रूपाली,

तुला बोल लावायला बसले होते. कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या.

मलाही माहीत होतं. तुझ्याएवढंच नाही, पण माहीत होतं.

मे महिन्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा तात्या एक दिवस मुक्कामाला होते. पडवीत माझ्या सासऱ्यांशेजारी त्यांचं अंथरूण टाकलं होतं. सकाळी जाऊबाईंनी हाक मारली. गोधडी ओली. तात्या कोपऱ्यात उभे, सासरे दुसरीकडं तोंड करून बसलेले. मी म्हटलं, तांब्या लवंडला असेल. जाऊबाई म्हणाल्या, "तांब्या तर भरलेला दिसतोय." पाव्हणे घरात होते. ती गोधडी मी मागच्या कुंपणावर टाकली, पोरं नाकाला रुमाल लावून हसत होती.

दुपारी मी तात्यांना गाडीत बसवून द्यायला येवल्याला गेले. स्टँडवर त्यांना म्हणाले, तात्या, आता माझ्या सासरी येत जाऊ नका. काही कार्य असलं तर योगेशला पाठवत जा. माझी शोभा झाली आज. असं म्हणाले, रूपाली. हेच शब्द. ते हूं म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आणि नोव्हेंबरात मी तुला विचारते, तात्या का आले नाहीत. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं आणि ते आले नाहीत म्हणून चिडले होते. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या प्रसंगाला तरी माझं बोलणं विसरून येतील.

डॉक्टरनं मे महिन्यात बघितलं असतं तर. तुझ्यासारखं सात महिने रोज नाही, मी एकदाच बघितलं. पण एकदा पुरलं असतं. तुला एक फोन केला असता.

हे पत्र त्यांना वाचून दाखव किंवा नको दाखवू. मला ठरवता येत नाही. तू ठरव.

आशा


सातपूर
५ मार्च २०२५

ती. आशाताई,

तुमचं पाकीट भिकननं आणून दिलं तेव्हा तात्या दारातच बसले होते. अक्षर बघून म्हणाले, "आशीचं हाय. वाच." मी म्हटलं, स्वयंपाक झाल्यावर वाचते. आत जाऊन आधी एकटीनं वाचलं. मग गॅस बंद करून पुन्हा बाहेर आले.

नोव्हेंबरात मी डॉक्टरांसमोर गप्प राहिले होते, ते त्यांच्या मानासाठी. तो मान किती दिवस टिकला, ते आपण पाहिलं. त्यामुळे यापुढं तात्यांपासून काही लपवायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. पण हे ठरवणं माझ्यापुरतं होतं. तुमचे शब्द त्यांना पुन्हा ऐकवणं हा खरेपणा आहे, की माझ्या मनाची टोचणी कमी करायचा मार्ग, हे मला उलगडलं नाही. तरीही मी सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. "माझी शोभा झाली आज" हेही वाचलं.

ते ऐकत होते. मांडीवरची पिशवी धोतराखाली सारखी करत होते. वाचत वाचत मी स्टँडच्या ओळीपाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"स्टँडवर नाय. रसवंतीत."

मी थांबले.

"स्टँडच्या समोर रसवंती हाय. आधी तिनं मला रस पाजला. मोठा गिलास. मग म्हणाली."

मी विचारलं, तुम्ही प्यायलात?

"पोरीनं पाजला, तर टाकू कसा? सगळा प्यायलो. मग गाडीत बसवलं तिनं. ती गेली तसा उठलो. अंगात रस व्हता ना. शिटवर बसायची भीती वाटली. येवल्यापासून नाशिकपोतर उभाच आलो. गाडी निम्मी रिकामी व्हती. कंडक्टर म्हणतो, बाबा, बसा की. म्हटलं, पाय आखडलेत, उभाच बरा."

 मी उरलेलं पत्र वाचलं. विचारलं, ताईंना काय कळवू?

म्हणाले, "खुशाल हाय म्हणून कळव. मला काही आठवत नाय म्हणावं. म्हातारा झालोय." आणि मी उठले तेव्हा म्हणाले, "रसाचं नको लिहू. तिच्या जिवाला लागंल."

ताई, ही गोष्ट दोन दिवसांपूर्वीची. दोन दिवस हे पत्र माझ्याजवळ पडून होतं. त्यांनी लिहायला सांगितलेलं आधी लिहिलं होतं, तेवढंच लिहून पाकीट बंदही केलं होतं. त्यांचा शब्द पाळायचा, तुम्हालाही त्रास नाही. मग वाटलं, या घरात कोणाच्या जिवाला लागू नये म्हणून आणखी काय काय झाकायचं?

मी पाकीट फोडलं. त्यांनी नको म्हटलेलं लिहिलं आहे. तुम्हाला ते कळायला हवं होतं, की मला ते एकटीला ठेवता येत नव्हतं, ते मला खरंच माहीत नाही. पण आता ते तुमच्याजवळ आहे.

पुढच्या मंगळवारी त्यांची नळी बदलायची आहे. दहा वाजता. हे पहिल्या शिफ्टला आहेत, मी एकटीच नेणार आहे.

रूपाली